घाटावर धुतलेला दगड

या, असे पुढे येऊन बसा. कीर्तनाला लोक भिंत धरून बसतात आणि मग बुवांचं नीट ऐकू आलं नाही म्हणतात, तसं करू नका. सतरंजी पुढे मोकळी आहे. आज पेटी नाही, झांज नाही, आख्यानही नाही. माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण कुमुद आणि तिनं आणलेला एक मुठीएवढा दगड, यांची. पदरचं काही घालणार नाही.

आमच्या मिरजेच्या घराच्या ओसरीवर संघमित्रा रामटेके गुडघे टेकून बसली होती. कुमुदची मोठी पाठपिशवी तिनं पुढ्यात घेतली होती आणि तिच्यातल्या लहान लहान कापडी पिशव्या एकेक काढून चाचपत होती. प्रत्येक पिशवीत एक दगड. कुमुदला जाऊन पाचवा दिवस होता. मी खांबाला टेकून बसलो होतो आणि समोरच्या कुंपणावर कुणी वाळत टाकलेला लाल टॉवेल बघत होतो. सकाळपासून तोच बघत होतो.

"दादा," ती म्हणाली, "पिशवी आहे. दगड नाही."

"असेल त्यातच."

"नाही ना. ही बघा, रिकामी. बाकी सगळे आहेत, हाच नाही. यासाठीच तर मॅडम खाणीवर गेल्या होत्या."

संघमित्रा नागपूरची. कुमुदच्या हाताखाली शिकली आणि पुढे तिच्याच प्रयोगशाळेत पुण्याला कामाला लागली. बातमी कळली तेव्हा ती परगावी होती, म्हणून पाचव्या दिवशी पोचली. आल्या आल्या आईच्या पायाशी बसून खूप रडली. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. एरवी माझं कसं, बुवांनी आख्यानात राणीला वनवासाला धाडलं की इकडे पेटीवर माझे डोळे गळतात. लोक हसतात मला. "जनार्दनपंत, राणी बारशालाही निघाली तरी तुम्ही रडाल," असं आमचे बुवाच म्हणाले होते भर सभेत. आणि सख्खी बहीण गेली तर डोळ्यांत टिपूस नाही. छातीत कुणी कापूस कोंबावा तसं झालं होतं. लोक येत, बसत, चहा न घेता उठून जात. मी मान हलवत असे.

कुमुद दगडांची वयं काढायची. लग्न केलं नाही तिनं, आईनं विषय काढला की म्हणायची, "एवढ्या म्हाताऱ्यांचं करतेय, आणखी एक कुठे वाढवू?" मला एकदा तिनं समजावून सांगितलं होतं. म्हणाली, "दादा, डोंगर मरतो म्हणजे त्याची वाळू होते. ती वाळू वाहत जाऊन एखाद्या मोठ्या खळग्यात बसते, थरावर थर. डोंगर नाहीसा होतो, खळगा राहतो. मी त्या खळग्याला विचारते, बाबा रे, तुझ्या उशाशी कोण उभं होतं आणि कधी?"

कर्नाटकाच्या हद्दीकडे चुनखडीच्या खाणींचा मुलूख आहे. तिथल्या खळग्यावर तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली. पुस्तकं त्याचं एक वय सांगत. कुमुद म्हणायची, खळगा त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याला वाळू पुरवणारा डोंगरही. यावरून तिचं तिच्या गुरूंशी बिनसलं, परिषदांतून भांडणं झाली. पुरावा मात्र हातात नव्हता. वाळूचे कण डोंगराचं वय सांगतात, ते खळग्यात कधी येऊन बसले ते सांगत नाहीत. त्याला हवी ज्वालामुखीची राख. कारण राख पडते ती त्याच वेळची असते. आणि असा राखेचा थर, दोन बोटं जाडीचा, हिरवट, एका खाणीच्या भिंतीत उघडा पडलाय असं तिला कुणीतरी कळवलं. ती धावली. तिथून तशीच आमच्याकडे आली, अंगणात गाडी लावली, चहा प्यायली, छाती भरून आल्यासारखी वाटतेय म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

"दुसरा तुकडा आणता येईल की खाणीतून," मी संघमित्राला म्हणालो.

"मी काल फोन लावला होता त्यांना, आणखी नमुने मिळतील का म्हणून. सुरुंग उडवून झाला, दादा. भिंतच नाही राहिली. त्याची खडी होऊन रस्त्यावर पडली पण."

तेवढ्यात माझा चुलतभाऊ श्रीपाद फाटकातून आत आला. दहाही दिवस सगळी धावपळ त्यानंच केली. त्यानं पसरलेल्या पिशव्या बघितल्या, चपला काढता काढता थांबला आणि म्हणाला, "काय शोधताय?"

"एक दगड," संघमित्रा म्हणाली. "हिरवट आहे. एवढा. मुठीत मावेल असा."

श्रीपाद एक चप्पल पायात, एक हातात, असा उभा राहिला.

"गुळगुळीत? एका बाजूला जरा चपटा?"

"हो! तुम्ही पाहिला?"

"जना," तो माझ्याकडे वळला, "अरे, तो आपण अश्मा केलाय."

संघमित्राला काही कळलं नाही. मलाच सांगावं लागलं, आणि मी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. आमच्याकडे अग्नी देणारा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या मारतो. मागून एका दगडानं त्या मडक्याला भोक पाडतात. तो दगड म्हणजे अश्मा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्याच्यात असतो असं मानतात. रोज त्यावर तिळाचं पाणी घालायचं, आणि दहाव्या दिवशी विधी संपला की नदीत सोडायचा.

"आता घाटावर बघशील तिकडे काँक्रीट," श्रीपाद म्हणाला. "गुरुजी म्हणाले दगड आणा. खडा मिळेना एक! सामान आणलं होतं कुमीच्याच गाडीतनं, तिची पिशवी दिसली. म्हटलं, हिच्याइतके दगड अख्ख्या मिरजेत कुणाकडे असणारेत? आणि हिचाच दगड हिला. मला बरंच वाटलं होतं रे ते." त्यानं मूठ वळून दाखवली. "हातात नीट बसतोय असा बघून काढला."

"कुठे आहे?" संघमित्रानं विचारलं.

मागच्या अंगणात पेरूच्या फांदीला एका फडक्यात तो टांगलेला होता. मी फडकं सोडलं, दर्भ बाजूला केला. दगडावर तीळ चिकटले होते. ते बोटानं सारले तर खाली काळ्या शाईत कुमुदच्या हातचा नंबर. तिचा तो उभा, वरून दांडी दिलेला सात. पाच दिवस मी त्यावर पाणी घालत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

"तेल-तिळाचं काही नाही," संघमित्रा हळूच म्हणाली. "आतल्या कणांना त्यानं काही होत नाही. फक्त हा नदीत नका टाकू, दादा. हात जोडते."

"आणि तुम्ही काय करणार त्याचं?"

"कुटावा लागते. वय काढायचं म्हणजे दगड अख्खा राहत नाही."

आईला सांगणं भाग होतं. चौऱ्याऐंशीची आई मधल्या खोलीत कॉटवर पडून होती, पण कान शाबूत होते. अर्धं तिनं ऐकलेलंच होतं.

"फोडणार म्हणता?" ती म्हणाली.

"आई, मॅडमचं सगळं काम त्याच्यावर…"

"दहा दिवस माझी पोर आहे त्यात. तुला माहीत नसेल, बाळ, तुमच्यात नसेल तसं. पण आहे. तिला फोडणार तुम्ही?"

"मॅडम जन्मभर दगडच फोडत होत्या ना, आई."

"दगड फोडत होती. माणसं नाही." आईनं भिंतीकडे तोंड केलं. "जना, तो दगड नदीत गेला पाहिजे. ती अडकून राहील नाहीतर. मला मेल्यावर तिला तोंड दाखवायचंय."

संघमित्रा बाहेर आली. म्हणाली, "दादा, तुम्ही सांगा काहीतरी." मी काय सांगणार? दोघींचंही मला पटत होतं आणि दोघींचंही मला लांबून, पलीकडच्या गल्लीतलं भांडण ऐकू यावं तसं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "गुरुजींना विचारू." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

दत्तूगुरुजी सकाळी स्कूटरवरून आले. सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला.

"आजवर हे कुणी विचारलं नाही मला."

"चालेल का पण?"

"हे बघा जनुभाऊ, विधी झाल्यावर अश्मा पाण्यात गेला पाहिजे आणि परत घरी येता कामा नये. एवढं मला माहीत. अखंड जावा की तुकडे होऊन जावा, हे मी कुठे वाचलेलं नाही. म्हणजे तुकडे चालतात असंही वाचलेलं नाही हं, नाहीतर उद्या गावभर कराल, दत्तू म्हणाला म्हणून."

"पाण्यातच तर जाते सगळा," संघमित्रा एकदम म्हणाली. "गुरुजी, ऐका ना. आम्ही पण तेच करतो. दगड कुटायचा, चाळायचा आणि ताटलीत घेऊन पाण्यानं धुवायचा. हलकं असते ते वाहून जाते. जड कण तेवढे ताटलीच्या काठाशी राहतात. एक चिमूट. तेवढंच पाहिजे मला. बाकी सगळा दगड नदीला."

"आणि त्या चिमटीचं काय करता?"

"भिंगाखाली एकेक कण सुईनं वेचतो. मग त्याला लेझरनं जाळतो. जळताना त्यातून जे निघते, त्यावरून वय कळते."

"जाळता?"

"हो."

गुरुजींनी चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "मग अस्थींचं तरी आपण काय करतो? राख इथल्या पाण्याला आणि थोड्या अस्थी लांबच्या तीर्थाला. तशी तुमची ती चिमूट. माझी ना नाही. पण आईंचा शब्द पाहिजे. मी आईंच्या वर नाही."

आई शब्द देईना. संघमित्रा मात्र गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. शेजारी चौकशी करत होते, ही कोण मुलगी राहिलीय म्हणून. ती आईला पेज भरवायची, केस विंचरायची, दगडाचा शब्दही काढायची नाही. नवव्या दिवशी दुपारी मी दारात बसलो होतो. आईनं आपणहून विचारलं.

"काय गं, ती तिथे दिवसभर करायची काय?"

"कोण, मॅडम? बसायच्या भिंगाला डोळे लावून. तासन् तास. हजार कणांतून आपला एक शोधायचा, सुईच्या टोकानं बाजूला करायचा. पुन्हा दुसरा."

"म्हणजे तांदूळ निवडतो तसं?"

"तसंच, आई. फक्त आम्ही तांदूळ टाकून देतो आणि खडा ठेवतो."

आईच्या तोंडून एक आवाज आला. मला आधी वाटलं ठसका लागला. ती हसत होती.

"एक दिवस तांदूळ निवडले नाहीत हो तिनं या घरात. डोळे दुखतात म्हणायची. लबाड!" मग हसता हसता ती थांबली. संघमित्राचा हात तिच्या केसांत तसाच राहिला. "आणि एवढं करून तिला ते कळलंच नाही? त्या खळग्याचं?"

"नाही ना, आई. त्या दगडात होतं ते."

"मग ती नदीत सोडली तरी कुठली सुटतेय," आई म्हणाली. ती आढ्याकडे बघत होती. "जना, आहेस का रे? फोडायचा तर तू फोड. परक्या हातानं नको. बाळ, तू रागावू नकोस, तुला परकी म्हणत नाही मी. पण अग्नी त्यानं दिलाय."

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर विधी झाला. पिंड ठेवून आम्ही लांब उभे राहिलो तोच कावळा आला, शिवला, उडून गेला. श्रीपादनं सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं होतं, थोडं तरी थांबायला लावेल. सगळ्यांनी अश्म्यावर तेल घातलं, पाणी दिलं, आणि गुरुजी म्हणाले, "आता तुमचं चालू दे."

संघमित्रानं लोखंडी खलबत्ता नवा कोरा आणला होता. घरचा नको म्हणाली. घरच्यात मीठ-मसाले, आणखी काय काय कुटलेलं असतं. ती तर पाणीसुद्धा कॅनमधून घेऊन आली होती.

"नदी समोर असताना बाटलीतलं पाणी?" गुरुजी म्हणाले.

"नदीच्या पाण्यात वाळू असते, गुरुजी. दुसऱ्याच डोंगराचे कण मॅडमच्या दगडात मिसळतील. या पाण्यानं धुते, आणि धुतलेलं नदीत सोडते. चालेल ना?"

"चालवा. गेले दहा दिवस चालवूनच घेतोय मी."

तिनं दगड साबणानं घासला, पुसला, खलात ठेवला आणि बाजूला झाली. माझ्या हातात बत्ता आला. मी मारला. दगडाला काही झालं नाही, माझा खांदा मात्र झिणझिणला. पुन्हा मारला. तिसऱ्या की चौथ्या घावाला तो उभा तडकला. आत बाहेरच्यापेक्षा फिका होता, ओल्या पिस्त्यासारखा. मग सोपं गेलं. मोठे तुकडे, मग बारीक, मग रवा. मी कुटत होतो. कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. मी कुटत होतो. शेवटी संघमित्रानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"दादा, बस. बस म्हणते ना. आता कण फुटतील."

मी बत्ता ठेवला. श्रीपाद कॅन कलता करून धार धरत होता आणि ती पायरीवर उकिडवी बसून ताटली हलवत होती, गोल गोल, जरा तिरकी. हिरवट गढूळ पाणी ताटलीच्या ओठावरून कृष्णेत पडत होतं, पाण्यात त्याचा ढग होत होता आणि ढग पुढे सरकत होता. गुरुजी मंत्र म्हणत होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ढग विरायचा आणि दुसरा यायचा. पुष्कळ वेळ चाललं ते. अखेर ताटलीत काठाशी काळसर कोर उरली, नखाच्या कोरीएवढी.

"बघता?" तिनं गळ्यातलं भिंग मला दिलं.

मी बघितलं. बारीक बारीक कण होते, काही मधासारखे, चमकणारे. आत युरेनियम असतं, ते अगदी संथपणे शिसं होत राहतं, तेच त्याचं घड्याळ, असं ती सांगत होती. मी हो हो म्हटलं. खरं सांगतो, मला काहीही वाटलं नाही. ढग गेला त्या बाजूला बघून मी नमस्कार केला, कारण गुरुजींनी केला. मग आम्ही घरी आलो. आईनं विचारलं, "गेली?" मी म्हणालो, "गेली." तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, दिवस घालवायला कीर्तनं होती. जायचो, वाजवायचो, घरी यायचो. राणी वनवासाला जायची. माझे डोळे कोरडे असायचे, आणि बुवा त्यावर आता काही बोलत नसत.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. पाडव्याच्या सुमारास संघमित्राचा फोन आला.

"दादा, वय निघालं."

"बरं."

"दादा…" ती थांबली. "मॅडम चुकल्या."

तिला रडू येत होतं, आणि ती ते आवरून सांगत होती. "तीनदा मोजलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतून पण करून घेतलं. मॅडम म्हणायच्या तसा खळगा जुना नाही. पुस्तकात आहे त्याच्यापेक्षाही नवा आहे. पुष्कळ नवा. सगळेच चुकले, पण मॅडम सगळ्यात जास्त. काय करू मी आता? छापू का?"

"नवा आहे म्हणजे काय होतं?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"म्हणजे, दादा, तो डोंगर. सगळ्यांना वाटत होतं की तो केव्हाच संपला. पण त्याची वाळू या राखेच्या खाली पण आहे आणि वर पण. म्हणजे राख पडली तेव्हा तो होता. एवढ्या उशिरापर्यंत उभा होता तो. आणि कुणाला माहीतच नव्हतं."

फोन तसाच हातात धरून मी भुईवर बसलो. कुठून आलं कळलं नाही, पण आलं, आणि आलं ते थांबेना. पलीकडून ती "दादा, दादा" म्हणत होती. मी तिला म्हणालो, "छाप. तिचं नाव पहिलं घालून छाप." हे तिला किती समजलं असेल माहीत नाही, कारण मला बोलता येत नव्हतं.

आई आतून म्हणाली, "कुणाचा होता रे? रडतोस का?"

"संघमित्राचा. त्या दगडाचं वय निघालं." मी तिच्या उशाशी जाऊन बसलो. "आई, कुमी चुकली होती गं."

"पण कळलं ना?"

"कळलं."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी साठीचा माणूस, पण तिनं हात तिथेच ठेवला, तिला झोप लागेपर्यंत.

आई त्याच थंडीत गेली. संघमित्राचा निबंध छापून आला. आता तिकडची पुस्तकं ते नवं वय लिहितात, आणि कुमुदचं जुनं मत कुणाला ठाऊकही नाही. ठाऊक आहे तो हसतो. हसू दे. तुम्ही एवढं करा. आपण कीर्तनातून उठताना ज्याचं त्याचं नाव मनात घेतो ना, तशी आज तिची आठवण करा. कुमुद चुकली, असंच म्हणा, मला वाईट वाटत नाही. आणि मग म्हणा, की ती चुकली हे सांगणारा दगड तिनंच शोधला होता.